पुलावर मोजलेल्या लेकी

माझी नणंद कोणत्याही लग्नात माझी ओळख एका वाक्यात करून देते. "ही आमची वहिनी, हिनं अणुभट्टी अडवली!" मांडवातल्या बायका मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात आणि मी निमूटपणे जिलबीकडे लक्ष देते. खरं सांगायचं तर मी भट्टी अडवलेली नाही. ती कुठे नको, एवढंच सांगितलं. पण ते सांगण्यासाठी मला भर बैठकीत माझ्या सख्ख्या बापाला एक प्रश्न विचारावा लागला. त्या प्रश्नाचा मला अभिमान आहे, आणि आबांनी दिलेल्या उत्तराचा त्याहून जास्त आहे. तोंड लपवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून मिरवतच सांगते.

आमचं काम जागा तपासण्याचं. अणुवीज प्रकल्प उभा करायचा तर आधी जमिनीला शंभर प्रश्न विचारावे लागतात. खाली खडक कसा आहे, भूकंपाची भेग जवळून जाते का, नदीचा पूर कुठवर चढतो, उन्हाळ्यात भट्टी थंड ठेवायला पाणी पुरेल का, दारूगोळ्याचा कारखाना किंवा विमानतळ किती लांब आहे. खडकवाले वेगळे, पाणीवाले वेगळे. माझ्याकडे माणसं होती. उद्या काही विपरीत घडलंच, तर भोवतालची गावं ठरलेल्या वेळात बाहेर काढता येतील का, हे बघणं माझं काम. खडकवाले मला चिडवायचे, "तुमचं बरं आहे मॅडम, माणसं काय, मोजली की झालं." मीही त्यांना सुनवायचे, की तुमचा खडक निदान आज इथे आणि उद्या सुरतेला असं करत नाही.

खानदेशात आम्ही ज्या जागा बघत होतो त्यांतली दोन नावं शेवटपर्यंत टिकली. एक धुळे जिल्ह्यातलं उजाड माळरान, जिथे पाणी लांबून आणावं लागणार होतं. दुसरी जळगाव जिल्ह्यात, तापीच्या काठावर. पाणी दारात, खडक चांगला, पुराच्या पातळीच्या वर. सगळ्यांच्या मनात तापीकाठच भरला होता. आणि त्या जागेला लागून असलेलं पहिलं गाव म्हणजे माझं माहेर.

मी दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं. आमचे साहेब कमी बोलणारे, दक्षिणेकडचे, मराठी कामापुरतं समजणारे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "जागेला गुण द्यायच्या वेळी तुम्ही बाहेर बसा. पण माणसं तुम्हीच मोजा. तुमच्याइतकं ते गाव कोणाला माहीत आहे?" मला ते पटलं. गावाबद्दल मला सगळं माहीत आहे अशी माझीही समजूत होती.

आबांना प्रकल्प हवा होता. नुसता हवा नव्हता, त्यांनी तो मनातल्या मनात बांधून टाकला होता. आबा एकेकाळी सरपंच होते, आता नाहीत, पण गावात कोणी पाहुणा आला की आधी त्यांच्याच ओट्यावर चहा होतो. माझे दोन्ही भाऊ सुरतेला आहेत. चुलत भाऊ, त्यांची पोरं, आळीच्या आळी तिकडे गेली आहे. संध्याकाळी ओट्यावर फक्त पांढऱ्या टोप्या दिसतात. आबांना वाटायचं, प्रकल्प आला की पोरं परत येतील. ते मला म्हणाले, "बेटा, दीपनगरना आजूबाजूले देख. बठ्ठा पोरे घरनी भाकर खाई कामले जातस. आमनाच पोरे सुरतले जाई पडनात." दीपनगर म्हणजे आमच्या भागातलं कोळशाचं वीजकेंद्र, तिथली सगळी पोरं घरची भाकर खाऊन कामाला जातात. मला हे ऐकताना गलबलून आलं. कारण त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मलाही वीज हवी आहे, आणि अणुवीज वाईट असं मानणाऱ्यांतली मी नाही. वाईट असते ती चुकीची जागा.

आमच्या गावाची मेख त्याच्या रस्त्यांत आहे. एका अंगाला तापी, दुसऱ्या अंगाला कोतरं. मातीच्या त्या खोल घळींतून बैलगाडी जाणंही मुश्किल. आम्हाला आणि आसपासच्या गावांना बाहेर पडायला वाटा दोनच. एक तापीवरचा जुना अरुंद पूल, ज्यावर समोरून एसटी आली तर आपण थांबायचं. दुसरी नाल्यावरची फरशी, म्हणजे ठेंगणा सिमेंटचा पूल, जो श्रावणात पाण्याखाली जातो.

गावं रिकामी करण्याचा हिशेब एका सल्लागार कंपनीनं केला होता. त्यांचा माणूस हुशार, तरुण, इस्त्रीचा शर्ट कोतरांतसुद्धा न चुरगळणारा. त्यानं पडद्यावर दाखवलं, की सगळी गावं वेळेच्या आत आरामात बाहेर पडतात. निळे ठिपके सुरेख ओळीनं पुलावरून जात होते. मी विचारलं, "हा दिवस कोणता धरलाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे ठिपके कधी निघालेत? फरशीवरूनही जाताहेत ते."

तो म्हणाला, सर्वसाधारण दिवस धरलाय. हिवाळ्यातला. मी म्हटलं, आमच्याकडे सर्वसाधारण दिवसाला गावात असतं कोण? कानबाईचा दिवस धरा.

साहेबांना कानबाई माहीत नव्हती, मग मी सांगितली. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर मांडतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. खानदेशी माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, दिवाळीला एकवेळ येणार नाही, पण कानबाईला येतो. आणि नेमकी तेव्हाच आमची फरशी पाण्याखाली असते. म्हणजे गावात माणसं सगळ्यात जास्त आणि वाट सगळ्यात कमी. साहेबांनी तेवढ्यावरच मान हलवली. कानबाईचा आकडा आणा म्हणाले.

सल्लागारही कच्चा नव्हता. त्यानं सरळ गावोगावच्या जाणत्यांना गाठलं. कानबाईला कुळाची किती माणसं येतात, असं विचारलं, आणि सगळ्यांनी न अडखळता सांगितलं. आमच्याकडे हे कोणाला आठवावं लागत नाही. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू घेतात ते माणसागणिक. भाऊबंदकीतला मोठा माणूस सूप पुढ्यात घेतो आणि कुळातल्या एकेकाचं नाव घेऊन मूठमूठ गहू त्यात टाकतो. सुरतेचा असो, पुण्याचा असो, पाळण्यातलं असो, मूठ पडलीच पाहिजे. आमच्या घरी हे आबा करतात. हे रोट कुळाबाहेर कोणाला देत नाहीत. त्यामुळे मुठी किती, तेवढी माणसं, हा आमच्या गावांत पक्का हिशेब. आबांनी आपल्या भाऊबंदकीचा आकडा दिला, बाकीच्यांनी आपापला. बेरीज हिवाळ्यापेक्षा जास्तच आली, पण पुलाला झेपेल अशी. निळे ठिपके एका पुलावरूनही वेळेत पार झाले. सल्लागारानं माझ्याकडे बघून गोड हसून घेतलं.

मला झोंबलं. मी तापट आहे, हे सासरी-माहेरी दोन्हीकडे मान्य आहे. पण नुसता राग उपयोगाचा नव्हता. हिशेबात मला चूक सापडत नव्हती. लहानपणी सोमवारी पुलावर जी चेंगराचेंगरी बघितली होती, ती या आकड्यात मावत नव्हती, एवढंच मला कळत होतं. मी साहेबांना म्हटलं, "मुठी राहू द्या. सोमवारी सकाळी पुलावर उभं राहून प्रत्यक्ष मोजू. तुम्हीही चला."

ही बातमी आबांपर्यंत गेली. त्यांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, त्यानंच मला जास्त लागलं.

"आमी मोजी देल्हात ना मानसे? आते तू काय मोजशी?"

"आबा, मना कामच ते शे."

"तू आमना गावनं वाटोळं कराले निंघनी," ते म्हणाले. आणि वर, "मोजाले येशी ते पुलवरथीनच मांघे जाय. घर येऊ नको."

पुलावरूनच परत जा, असं बापानं सांगितल्यावर माणूस काय करतो? मी धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या घरी स्वयंपाकघरात उभी राहून कांदे चिरले, नको इतके चिरले. नवरा कॉलेजात शिकवतो, तो म्हणाला, "सोडून दे, दुसऱ्या कोणाला पाठव." मी म्हटलं, दुसरा कोणी गेला तर तो फक्त गाड्या मोजेल.

सोमवारी आम्ही सकाळीच पोहोचलो. पुलाच्या अलीकडे मी आणि आमची माणसं अंगठ्यानं दाबून मोजायचे काउंटर हातात धरून उभी राहिलो, साहेब जीपमध्ये. फरशी अपेक्षेप्रमाणे पाण्याखाली होती. कॉलेजच्या पोरी नेहमीप्रमाणे त्या पाण्यात पाय बुडवून फोटो काढत होत्या. आधी विरळ माणसं आली. मग सुरतेच्या गाड्या आल्या, त्यांतून माझे भाऊ उतरले. मोठ्यानं मला बघून न बघितल्यासारखं केलं आणि धाकट्यानं, त्यांना घ्यायला आलेल्या आबांच्या नजरेआड, हात हलवला.

आणि मग त्या आल्या. एसटीतून, रिक्षातून, टमटममधून, नवऱ्यांच्या मोटारसायकलींवर पोरं मांडीवर घेऊन. कोणी अमळनेरहून, कोणी चोपड्याहून, कोणी शिरपूरहून. सासरची कानबाई आटोपून, किंवा सासरी कानबाई नाहीच म्हणून, विसर्जनाला माहेरी धावत आलेल्या. माझ्या वर्गातल्या दोघी, माझी चुलत बहीण, धाप लागलेली आत्या. प्रत्येकीबरोबर नवरा, दोन-तीन पोरं, एखादी सासू. एकेक जण मला बघून ओरडत होती, "तू आठे काय करी ऱ्हायनी? चाल ना घर!" माझा अंगठा काउंटरवर चालतच होता. आणि आत्यानं माझ्या गालावरून हात फिरवला त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख पडलं.

यांची मूठ कोणी घेतलीच नव्हती.

लग्न झालेली लेक दुसऱ्या कुळाची. तिची मूठ सुपात पडत नाही, आमच्या घराण्यात तरी नाही. सुनेची पडते, नातवाची पडते, लेकीची नाही. आबांनी खोटं सांगितलं नव्हतं. गावातल्या कोणीच खोटं सांगितलं नव्हतं. आमच्याकडे माणसं मोजायची हीच रीत, आणि त्या रीतीत आम्ही नव्हतोच. मी स्वतः तिथे उभी होते, माहेरच्या पुलावर, हातात काउंटर घेऊन, आणि कोणत्याही हिशेबात नव्हते. मला हसू आलं, रडूही आलं, आणि मग असा आनंद झाला की मी आत्याला मिठीच मारली. तिला वाटलं, मला माहेरची आठवण आली.

तेवढ्यात मिरवणूक पुलाच्या तोंडाशी आली. डोक्यावर चौरंग घेतलेल्या बायका, ताशा, फुगड्या. साहेबांची जीप मधोमध सापडली. पुढे जाता येईना, मागे घेता येईना. एका काकूंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. पोरींनी जीपसमोरच फुगडी धरली. साहेबांची त्या दिवशी जळगावला दुसरीच एक बैठक होती, त्यांनी घड्याळ बघणं शेवटी सोडून दिलं आणि जीपमधून उतरून गर्दीत उभे राहिले. बराच वेळ गेला. ऊन वर आलं तरी जीप होती तिथेच होती. मी जवळ गेले तर ते म्हणाले, "मॅडम, मला एकट्याला इथून बाहेर पडता येत नाही."

मोजणी मुठींच्या दुपटीच्याही वर गेली. त्या दिवशी मी घरी गेले नाही. पुलावरूनच परतले, आबांनी सांगितलं होतं तसं. मायनं धाकट्याच्या हाती डब्यात खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी पाठवली होती, रोट अर्थातच नाही. ती मी जीपमध्ये बसून खाल्ली आणि साहेबांनाही वाढली.

पुढच्या आठवड्यात जळगावला बैठक झाली. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला गावांचे प्रतिनिधी. आबा धुवट धोतर-टोपीत आले होते, माझ्याकडे न बघता बसले. सल्लागारानं माझ्या मोजणीची छान चिरफाड केली. गर्दीत तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातात, असं म्हणाला. नदीवर गेलेला माणूस परत येतो, तो दोनदा धरला जातो. गावाच्या ज्येष्ठांनी स्वतः सांगितलेला आकडा यापेक्षा विश्वासाचा आहे. आणि त्यानं आबांकडे हात केला. आबांनी मान डोलावली. आपल्या शब्दाला मान मिळतोय, हे त्यांना बरं वाटलं होतं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यापुढे सगळं स्पष्ट होतं. मी लेकींचं गणित पडद्यावर मांडू शकले असते. पण सल्लागार म्हणाला असता, हा मॅडमचा अंदाज. ते आबांच्या तोंडून यायला हवं होतं, आणि ते आलं तर आबांचा प्रकल्प जाणार होता. मी उभी राहिले आणि ऑफिसची भाषा बाजूला ठेवून विचारलं,

"आबा, सुपमा मनी मूठ व्हती का?"

टेबलाभोवती कोणालाच काही कळलं नाही. गावांच्या बाजूला मात्र कळलं. तिथे खुर्च्या करकरल्या. आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ते गप्प बसू शकले असते. "व्हती" म्हटलं असतं तरी तिथे कोण सूप तपासायला जाणार होतं? ते उठले. टोपी नीट केली.

"नही," ते म्हणाले. "तुनी नही, तुनी आत्यानी नही. आंडेरीसनी मूठ आमी लेतस नही." मग सगळ्यांकडे वळून, "पन उन्यात बठ्ठ्या. मी डोयाघाई देख्यात."

साहेबांनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. "लेकींची मूठ आम्ही घेत नाही, म्हणतात. पण आल्या होत्या सगळ्या, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या." माझा आवाज फाटला, फाटू दे म्हटलं.

सल्लागार सावरून म्हणाला, पण हा वर्षातला एकच दिवस आहे. त्याला उत्तर मी देणार होते. तोंड उघडलंही होतं. पण आबाच बोलले. हा प्रकल्प ज्यांनी मनात बांधला होता तेच आबा. "भाऊ, संकट काय दिवस इचारीसन येस का? त्या दिवशे भाईर पडाले सांगं, ते पोरीसले आठे सोडीसन आमी कशे जासूत?"

आबांच्या मागे बसलेला दुसऱ्या गावचा म्हातारा उठला आणि म्हणाला, आमचंही तसंच. मग तिसरा. एकेका गावाच्या मुठी सुटत गेल्या. साहेबांनी सल्लागाराला शांतपणे सांगितलं, की आकडे पुन्हा चालवा. त्यानं तिथेच चालवले. त्याच्या पडद्यावर निळे ठिपके पुलाच्या तोंडाशी येऊन साचले, आणि साचतच राहिले. ते बघून मला जे वाटलं त्याला मी उगाच सभ्य नाव देणार नाही. मी जिंकले होते. आणि मला जिंकवलं होतं ते हरणाऱ्या माणसानं.

तापीकाठची जागा यादीतून खाली गेली. धुळ्याकडच्या माळरानाची पुढची तपासणी सुरू झाली, पाणी लांबून आणायचं ठरवून. आमच्या अहवालात साहेबांनी एक वाक्य हट्टानं घातलं, की प्रकल्प असो वा नसो, या गावांना पावसाळ्यात बाहेर पडायला दुसरी खात्रीची वाट हवी. त्या वाक्याची झेरॉक्स आबांनी खिशात ठेवली आणि दिसेल त्या अधिकाऱ्याच्या पुढ्यात धरली. आता नाल्यावर फरशीच्या जागी उंच पूल बांधण्यासाठी जमीन तपासायला यंत्र आलं आहे. आबा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि खाली खडक कसा लागला ते मला फोनवर कळवतात. खडकवाल्यांना मी सांगितलंय, तुमच्यात एक वाढला.

पोरं मात्र सुरतेलाच आहेत. ते दुःख त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही विसरलेले नाही.

बैठकीनंतरच्या कानबाईला मायचा निरोप आला, आबांनी लवकर बोलावलंय, गहू घ्यायच्या दिवशीच ये. मी गेले. माजघरात भाऊबंद जमले होते. आबा पाटावर बसले होते, पुढ्यात सूप. एकेक नाव घेत, मूठ टाकत ते पुढे चालले होते. मोठा भाऊ, त्याची बायको, पोरं, धाकटा, चुलते, सुरतेचे, पुण्याचे. शेवटचं नाव झालं. सूप उचलायला वहिनी पुढे झाली. आबांनी हातानं तिला थांबवलं, पोत्यात हात घातला आणि माझं नाव घेऊन मूठ सुपात टाकली. मग आत्याचं नाव घेतलं.

आत्याच दचकून म्हणाली, "दादा, अशी रीत नही शे. आंडेरीसनी मूठ कोठे ऱ्हास?"

आबांनी तिसरी मूठ भरून घेतली. "पुलवर मोजतस ना त्यासले?" ते म्हणाले. "मंग सुपमा काबरं नही?"

आत्यानं पदर डोळ्यांना लावला, आणि रविवारी रोटांचं ताट फिरलं तेव्हा सगळ्यांच्या आधी तिनंच हात पुढे केला. माझा रोट मी तिच्या शेजारी बसून खाल्ला. जाड होता, जरा कडकही. शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.